दाव्याला बांधलेला फोन

काकींचा फोन दुपारी झोपायचा. जेवणं आटोपली, भांडी पालथी पडली, की काकी आपला साधा बटणांचा फोन बंद करायच्या, पदरानं पुसायच्या आणि देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवून द्यायच्या. तीन वाजता चहाचं आधण चढलं की फोन पुन्हा जागा व्हायचा. "जनावर असू दे न्हाईतर मशीन, दुपारचा इसावा लागतोच," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या माहेरच्यांना, डेअरीवाल्याला आणि माझ्या आईवडिलांनाही हे पाठ झालं होतं. एखादा नवखा माणूस दुपारभर फोन लावून दमला आणि मग तक्रार करू लागला, तर काकी त्यालाच विचारायच्या, "भर दुपारचं कुणाच्या दारात जाता का तुमी? मग फोन कसा करता?"

कॉलेजची सगळी वर्षं मी या काकींच्या घरी काढली. नात्यानं त्या माझ्या कुणीच नव्हत्या. आमचं गाव जत तालुक्याच्या पूर्वेला. तिकडे पाऊस कमी आणि कुसळं जास्त. दिवाळी झाली की आमची माणसं मेंढरं घेऊन नदीकाठच्या मुलखात उतरतात. ऊस तुटून गेलेल्या रानात मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत रानाला मिळतं आणि रानमालक धान्य देतो. पलूसच्या बाहेर मळ्यात काकींचं रान होतं आणि माझ्या वडिलांची मेंढरं दर वर्षी तिथं बसायची. आश्रमशाळेत राहून मी बारावी पास झाले. पुढं काय, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, कारण त्यापुढं घरातलं कुणी गेलंच नव्हतं. त्या वर्षी काकी बांधावर आल्या आणि आईला म्हणाल्या, "मेंढरं न्या, पोरगी ठिवा." आई गोंधळून नुसती बघत राहिली. तेव्हा काकी म्हणाल्या, "तुमची मेंढरं माझ्या रानाला खत देत्यात. मी तुमच्या पोरीला सावली दिली तर कुठं बिघडलं?" मी पदवीधर झाले ती या एका वाक्यावर.

काकींचा दुसरा नियम म्हणजे दिलेल्या वस्तूला नावं ठेवायची नाहीत. आईनं पहिल्या वर्षी त्यांना स्वतःच्या हातच्या लोकरीची घोंगडी दिली. आमच्या घोंगडीची सवय नसलेल्या माणसाला ती टोचते. काकी सगळा हिवाळा तिच्यावर झोपल्या, सकाळी उठून हात खाजवायच्या आणि आईला सांगायच्या, "लय ऊब हाय बाई तुज्या घोंगडीला." भाऊबीजेला भावानं पोपटी रंगाचं लुगडं आणलं. तो रंग त्यांना मुळीच आवडत नव्हता. तरी तो निघून जाईपर्यंत त्या तेच नेसून अंगणात वावरल्या, म्हणजे जाताना त्याला ते लांबूनही दिसावं. मी हसले, तर मला म्हणाल्या, "देणारा वस्तू देत नसतो गं. येवढ्या लांबनं आपली आठवण घिऊन आलेला असतो. त्याला खोट काढायची न्हाई." पुढं जे झालं ते याच नियमामुळं.

मळ्यात दोनच घरं होती, एक काकींचं आणि दुसरं त्यांच्या थोरल्या जावेचं. मधे छातीएवढी भिंत. काकींचे यजमान नाना फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून त्यांचं आणि थोरल्या भावाचं बिनसलं आणि दोघांनी मिळून ती भिंत घातली. मिळून म्हणजे खरोखरच मिळून. नाना ओळंबा धरायचे आणि थोरले विटा द्यायचे, पण दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत. पुढं दोघंही गेले. भिंत मागं राहिली आणि ती सांभाळायचं काम या दोन जावांकडं आलं. थोरलीला काकी आक्का म्हणायच्या, पण ते माझ्याजवळ. समोरासमोर शब्द नव्हता.

फक्त विरजणाला भिंत आडवी येत नव्हती. आमच्या भागात विरजणाला कुणी नाही म्हणत नाही, अगदी हाडवैऱ्यालाही नाही. दही नासलं की काकी रिकामी वाटी भिंतीवर ठेवायच्या आणि मागं न बघता घरात यायच्या. थोड्या वेळानं वाटीत चमचाभर दही असायचं, वर झाकायला एखादं पान. थोरलीचं दही नासलं की तिची वाटी यायची. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा काकींना विचारलं, की एवढं चालतं तर बोलायला काय हरकत आहे. त्या म्हणाल्या, "दह्याचं भांडण न्हाई आमचं."

थोरलीचा मुलगा अभिजित. पोरगा थोरलीचा, पण वाढला काकींच्या मांडीवर. काकींना मूलबाळ नव्हतं. भिंत घातली तेव्हा तो शाळेत होता, आणि भिंत ओलांडून यायचं त्यानं काही सोडलं नाही. शिकून तो अमेरिकेत गेला. तो सुटीवर आला तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते. समोर दार उघडं असताना हा बाप्या भिंतीवरून उडी मारून आला, काकींच्या पाया पडला आणि त्यानं खिशातून एक मोठा, चकचकीत फोन काढला. हा त्याचा स्वतःचा जुना फोन, त्यानं पुसून कोरा केलेला. यात सिम टाक, म्हणजे रोज व्हिडिओवर बोलू, बाळ झालं की तुला दाखवीन, असं तो म्हणाला. त्याची बायको तेव्हा पोटुशी होती. दुसऱ्याच दिवशी तो परत गेला.

आम्ही नवं सिम आणलं आणि टाकलं. फोननं पडद्यावर इंग्रजीत लिहून दाखवलं, की हे सिम इथं चालणार नाही. काढून, पुसून पुन्हा टाकलं. पुन्हा तेच. मी फोन घेऊन काकींबरोबर पलूसच्या स्टँडजवळच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदारानं पडदा बघताच मान हलवली.

"काकी, फोन लॉक हाय. तिकडच्या कंपनीनं सोताला बांधून घेतलाय त्याला. त्या कंपनीबिगर दुसऱ्या कुणाचं सिम घेत न्हाई ह्यो."

काकींनी थोडा विचार केला. "म्हंजे दाव्याला बांधलाय. दुसऱ्याच्या दावणीची वैरण खात न्हाई, व्हय?"

"तसंच समजा."

त्यानं दोन वाटा सांगितल्या. ज्याच्या नावावर फोन आहे त्यानं तिकडच्या कंपनीला सांगायचं, त्यांचे नियम पुरे झाले असतील तर तेच कुलूप काढतात. नाहीतर आपण इथं खटपट करून बघू, पण त्यात फोन कायमचा बंद पडू शकतो, मग माझ्या नावानं बोंबलायचं नाही. काकींनी फोन त्याच्या हातातून काढून घेतला. "कुलूप फोडत नसत्यात. ज्याचं कुलूप त्यालाच किल्ली मागायची."

मला वाटलं, संपलं. येत्या रविवारी अभिजित काकींच्या साध्या फोनवर बोलेल, तेव्हा त्याला सांगायचं. रविवारी फोन आला. त्यानं विचारलं, की फोन कसा चालतोय. काकी म्हणाल्या, "लय झ्याक. आरशासारखा हाय बघ."

फोन ठेवल्यावर मी त्यांच्याकडं बघतच राहिले. त्या म्हणाल्या, "खोटं न्हाई बोलले. आरशासारखाच हाय." आणि ते खरंच होतं. त्या फोनमध्ये बघून त्या भांग पाडायच्या. गोठ्यात जाताना त्याचा उजेड घ्यायच्या. म्हशीला रेडकू झालं तेव्हा त्याचा फोटोही काढला. बोलणं सोडून सगळं चालायचं त्याच्यात. मी सांगून बघितलं, की तो परका आहे का, त्याला खरं सांगा, तो एका दिवसात सोय करेल. पण त्यांचा नियम आडवा आला. "सात समुद्र वलांडून पोरानं आणलाय. 'तुजा फोन चालत न्हाई' असं त्याला सांगू? येवढंसं तोंड हुईल त्याचं." मी पुष्कळ समजावलं. शेवटी त्यांनी मला शेणी थापायला पाठवून दिलं.

मग तिकडं मुलगी झाली. अभिजितनं काकींना फोन केला आणि म्हणाला, पुढच्या रविवारी बारसं. आमच्याकडं शनिवारची संध्याकाळ असेल, तुमच्याकडं रविवारची सकाळ. माझ्या बारशाला पाळणा तू म्हटला होतास, हिचाही तूच म्हणायचा, व्हिडिओवर ये. काकी हो म्हणाल्या. एकदा नाही, तीनदा हो म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांचा फोन दुपारी झोपला नाही. काकीही झोपल्या नाहीत. देव्हाऱ्यासमोर बसून त्या पाळण्याच्या ओळी आठवत होत्या, मधेच थांबत होत्या. मी चहा केला तर म्हणाल्या, "तो तिकडं वाट बघंल. पोरीला पाळण्यात घालून माणसं उभी ऱ्हातील, आन् ही काकी काय यायची न्हाई. त्याला वाटंल, भिंतीमुळं आली न्हाई. आईचं भांडण माज्या लेकरावर काढलं, असं वाटंल त्याला." इतके दिवस जी गंमत वाटत होती, तिच्यात काय अडकलं आहे ते मला तेव्हा कळलं.

माझ्याकडं बटणांचाच फोन होता. आमच्या घरचा एकुलता एक मोठा फोन वडिलांबरोबर मेंढरांमागं हिंडत होता. दुसऱ्या दिवशी मी काकींचे दोन्ही फोन रुमालात बांधून कॉलेजात नेले. प्रयोगशाळेतल्या मॅडमना अडचण सांगितली. त्यांनी कॉलेजचं वायफाय लावून बघायला सांगितलं, आणि त्या बांधलेल्या फोनला नेट मिळालं. सिम तो दुसऱ्याचं घेत नव्हता, पण नेट कुणाचंही घेत होता. काकींच्या साध्या फोनवर आलेला नंबर टाकून मी त्यात व्हिडिओचं ॲप चालू केलं आणि जवळजवळ धावत मळ्यात आले. काकींना सांगितलं, की सिम नकोच. शेजारी कुणाचा मोठा फोन असेल आणि त्यानं आपलं नेट थोडा वेळ दिलं, तर हा फोन चालेल.

"शेजारी कुणाचा?" काकींनी विचारलं, आणि आम्ही दोघींनी एकदमच भिंतीकडं बघितलं. थोरलीकडं मोठा फोन होता. रविवारी कॉलेज बंद. मळ्यात तिसरं घर नाही. मी म्हटलं, माझी मैत्रीण गावात राहते, तिच्याकडं मोठा फोन आहे, तिला रविवारी सकाळी बोलावते. काकी म्हणाल्या, "पोरीची आज्जी हितं भिंतीपल्याड बसलीया. आन् तिच्या नातीचा पाळणा मी गावातल्या पोरीच्या नेटवर म्हणू? शोभंल का ते?"

शनिवारी सकाळी त्यांनी विरजणाची वाटी घासली आणि भिंतीकडं निघाल्या. घरातलं दही चांगलं होतं, मी सकाळीच त्यातलं थोडं घुसळलं होतं. त्यांनी वाटी भिंतीवर ठेवली, पण रोजच्यासारख्या मागं फिरल्या नाहीत. तिथंच उभ्या राहिल्या. मी परसात कपडे वाळत घालत होते, हातातलं ओलं कापड तसंच धरून राहिले. थोरली बाहेर आली. वाटी बघितली, वाटीमागं उभी असलेली जाऊ बघितली आणि जागीच थांबली.

"इरजण न्हाई ऱ्हायलं का?" शेवटी थोरलीनं विचारलं. विचारलं ते वाटीकडं बघत.

"इरजण हाय."

"मग?"

"आक्का, नेट पायजे हुतं."

थोरलीनं वाटी उचलली, उलटी करून बघितली आणि म्हणाली, "ह्यात मावतंय का?"

काकींना हसू आलं. थोरलीलाही आलं असावं, कारण तिनं तोंडाला पदर लावला. मग तीच बोलायला लागली. अभ्या महिनाभर तिला विचारत होता, की काकींचा फोन कधीच चालू दिसत नाही, काकी मात्र म्हणतात झ्याक चाललाय. कुलूप काढायचं आपल्याकडूनच राहून गेलं, हे त्याच्या कधीच ध्यानात आलं होतं. पण काकी एवढ्या हौसेनं सांगतात, तर त्यांना खोटं कसं पाडायचं, म्हणून तोही गप्प होता. बारशाला व्हिडिओवर बोलावलं की त्या आपणच सांगतील, असं त्याला वाटलं होतं.

"तू बोलंना, त्यो बोलंना," थोरली म्हणाली. "तुज्याच वळणावर गेलाय मुडदा."

रविवारी सकाळी थोरलीनं आपला फोन भिंतीवर ठेवला, खाली मऊ फडकं अंथरून. नेट कसं द्यायचं ते मी दाखवलं. काकी त्या दिवशी पोपटी लुगडं नेसल्या होत्या. त्या आपल्या बाजूला उभ्या, थोरली तिच्या बाजूला, आणि अमेरिकेचा फोन माझ्या हातात. पडद्यावर अभिजित आला, त्याच्यामागं फुलं लावलेला पाळणा दिसला. काकींना बघून तो नुसता हसत राहिला. मग म्हणाला, "काकी, आई, जवळ सरका. दोघी एकदम दिसंनात."

दोघी भिंतीवर वाकल्या. एकीचं डोकं दुसरीच्या डोक्याला लागलं. काकींनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. त्यांचा आवाज खेड्यातल्या बायकांचा, थोडा चिरका, पण सुरात. एका कडव्याला त्या अडल्या. तेवढ्यात थोरलीनं पुढची ओळ धरली. तिचा आवाज इतका बेसूर होता की तिकडं पाळण्याजवळची माणसं हसली. पण ओळ बरोबर होती, आणि काकींनी ती उचलली. बाळ सबंध पाळणा झोपून होतं.

सगळं झाल्यावर काकी ओट्यावर येऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, "च्या टाक. तीन कप." आधी माझ्या ध्यानात आलं नाही, की तिसरा कुणाचा.

पुढं अभिजितनं तिकडच्या कंपनीला सांगून कुलूप काढून घेतलं. त्यानं सांगितल्याप्रमाणं मी फोन बंद करून चालू केला, पडून राहिलेलं सिम टाकलं, आणि ते काही तक्रार न करता चालू झालं. काकींनी दुकानदाराला मुद्दाम नेऊन दाखवलं. "किल्ली मागितली, मिळाली," एवढंच त्याला म्हणाल्या. फोन आता कुणाचंही सिम घेत होता. तरी थोरली रोज सकाळी आपला फोन भिंतीवर आणून ठेवायची आणि काकी तिचंच नेट वापरायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "ती देतीया, तर नको कसं म्हनू?"

भिंत कुणी पाडली नाही. ती अजून आहे. विहिरीच्या पाळीचं भांडणही मिटलं नाही. फक्त आता ते तोंडानं होतं. काकी म्हणायच्या, तुझी मोटर दोन तास जास्त चालली. थोरली म्हणायची, घड्याळ दुरुस्त कर. मी आत अभ्यास करत ते ऐकत असे आणि मला फार बरं वाटे. त्या घरातली शांतता किती जड होती, ते हा गलबला ऐकल्यावर समजलं.

बी.एस्सी. झाल्यावर मला साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी आईवडील मेंढरं सोडून एसटी स्टँडवर आले होते. आई माझ्या बॅगेचा बंद पुन्हा पुन्हा आवळत होती. काकींनी माझ्या हातात घट्ट झाकणाची छोटी स्टीलची डबी दिली. आत विरजण होतं. "रोज लाव. एक दीस बी खंड पाडू नको. घर चालतंय असं वाटतं मान्साला." गाडी सुरू झाली तेव्हा खिडकीशी येऊन त्या हळूच म्हणाल्या, "माजं न्हाई ते. माजं नासलं हुतं. आक्काचं हाय."

ती डबी कराडपर्यंत मी मांडीवर धरून होते. साताऱ्यात खोली मिळाली, पगार सुरू झाला, पहिला मोठा फोन मी स्वतःच्या पैशानं घेतला. कारखान्यात जेवायची सुटी दुपारी असते. सगळ्याजणी त्या वेळी घरी फोन लावतात. मी लावत नाही, काकींचे दोन्ही फोन तेव्हा झोपलेले असतात. तीननंतर चहाच्या सुटीत लावते. पलीकडून कधी काकी बोलतात, कधी थोरलीचा आवाज येतो, आणि एकदा तरी मागं पाण्याच्या पाळीचा विषय निघतो. दोघी बऱ्या आहेत.

मागच्या आठवड्यात शेजारच्या खोलीत नवी मुलगी राहायला आली. खंडाळ्याची. पहिल्यांदाच घर सोडून आलेली. दोन दिवस ती दार लावून होती. तिसऱ्या दिवशी वाटी घेऊन दारात उभी राहिली आणि विरजण आहे का, असं इतक्या हळू विचारलं, की मी आधी तिला आत बसवलं. तिच्या वाटीत दही घातलं, वर एक पान झाकलं.

"तुमच्या घरचंच का?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं, "आमच्या काकींच्या जावेचं."